खोडाला डिंक, बुंध्याशी भुसा: परसातल्या झाडाचं दुखणं कसं ओळखायचं

परसातल्या आंब्यातून डिंक गळायला लागला की पहिली धाव कृषी सेवा केंद्राकडे असते. तिथून बुरशीनाशकाची पुडी आणि कीटकनाशकाची बाटली घरी येते, दोन्ही एकत्र कालवून खोडावर मारली जातात आणि महिन्याभरात डिंक पुन्हा सुरू. औषध खोटं नसतं. खोडात आत जाऊन बसलेल्या अळीपर्यंत ते पोचलेलंच नसतं, एवढंच.

डिंक झाड स्वतःच सोडतं. साल कुठे दुखावली की ती जागा बुजवायची त्याची ही सोय. त्यामुळे डिंक थांबवायच्या मागे न लागता साल कशाने दुखावली ते आधी शोधायचं. अळी असेल, बुरशी असेल, बुंध्याशी साचलेलं पाणी असेल, कोयत्याचा जुना घाव असेल, नाहीतर कपडे वाळत घालायला बांधलेली आणि विसरलेली तार असेल. हे शोधायला कृषी पदवी लागत नाही. बसून नीट बघावं लागतं.

आधी लांबून बघा

सोबत एक जुनी सुरी, सायकलचा स्पोक, टॉर्च, टूथब्रश, खडू आणि कालचा पेपर घ्या. फवारणीचा पंप घरातच राहू दे.

दहा-पंधरा पावलं मागे जाऊन शेंड्यापासून खाली या. एखादीच फांदी सुकली असेल तर बिघाड बहुधा त्या फांदीत किंवा तिच्या बेचक्यात असतो. सगळं झाडच फिकट, पानं लहान, पालवी उशिरा असं असेल तर बुंधा किंवा मुळं तपासायची. हा फरक न करता लोक डोळ्यांसमोर येणाऱ्या खोडाच्या तीन-चार फुटांतच कारण शोधत राहतात.

मग जवळ जा आणि खाली बसा. बुंध्याभोवतीचा पाचोळा, टाकलेल्या विटा, कुंड्या बाजूला करा. माती चढलेली असेल तर हाताने उकरून मुळं जिथून फाकतात ती जागा उघडी करा. बंगल्यांच्या आवारात फरशी थेट खोडाला भिडवलेली असते. तसं असेल तर अर्धं उत्तर तिथेच मिळालं.

संशयाच्या जागी सुरीच्या टोकाने नाण्याएवढी साल वरवर खरवडा. खाली हिरवट-पांढरं आणि ओलसर दिसलं तर तिथली साल जिवंत आहे. तपकिरी, कोरडं किंवा आंबूस वासाचं निघालं तर मेलेली. कडेकडेने असंच थोडं थोडं तपासत गेलं की मेलेल्या भागाची हद्द कळते. ती खडूने आखा, शेजारी तारीख लिहा आणि रुपयाचं नाणं टेकवून फोटो काढा. दोन आठवड्यांनी दुखणं त्या रेषेबाहेर गेलंय की तिथेच थांबलंय, यावर घाई करायची की नाही ते ठरतं. उत्साहाच्या भरात खोडाभोवती गोल फिरून साल मात्र काढू नका. पानांत तयार झालेलं अन्न सालीतूनच मुळांपर्यंत जातं. कडं पूर्ण झालं की धडधाकट झाडही हळूहळू मरतं.

जे रोग नाहीत त्यांना हात लावू नका

सालीवरच्या राखाडी-हिरवट, कडा कुरळ्या झालेल्या खपल्या म्हणजे दगडफूल. बुरशी आणि शैवाल यांचा तो एकत्र संसार असतो आणि खोड ही त्याची फक्त बसायची जागा. झाडातून तो काही खात नाही. गोड्या मसाल्यातलं दगडफूल याच जातकुळीचं (परसातलं काढून मसाल्यात घालू नका, जाती अनेक आहेत). म्हाताऱ्या किंवा विरळ पानांच्या झाडावर ते जास्त दिसतं, कारण तिथे खोडापर्यंत उजेड पोचतो. म्हणजे झाड आधी विरळ झालेलं असतं आणि दगडफूल नंतर येतं. तारेच्या ब्रशने ते घासून काढणारे लोक सालीला नव्या जखमा तेवढ्या करतात.

फणसाच्या आणि उंबराच्या खोडावरचे खडबडीत उंचवटे फळं धरण्याच्या जागा आहेत. पेरूची साल पापुद्र्यांनी सुटते, ती सुटायचीच. छाटलेल्या फांदीच्या जागी कडेने गोल फुगवटा चढतो, तो जखम भरत असल्याचा. फणस किंवा चाफ्याला कोयता लागला की पांढरा चीक येणारच. बेचक्यात सीतेची वेणी रुजली असेल तर नशीब काढलंत, ती नुसती टेकून वाढते.

फांदीवर बारीक फोड ओळीने दिसले तर नखाने एक उचकटून पाहा. सालीचाच भाग असेल तर निघणार नाही. टपकन सुटला आणि खाली ओलसर डाग राहिला, तर ती खवले कीड. पांढरा कापूस दिसला तर पिठ्या ढेकूण. दोघेही रस शोषतात, गोड चिकट विष्ठा टाकतात, तिच्यावर काजळीसारखी काळी बुरशी चढते आणि मुंग्यांची रांग लागते. लोक काजळीवर औषध मारतात. मारायचं ते वरच्या किडीला. लहान झाडावर साबणाचं पाणी आणि टूथब्रश पुरतो.

भुसा दिसला की बाकीचं सोडा

डिंकासोबत लाकडाचा भुसा असेल तर आत अळी आहे. परसातल्या झाडाला लवकर संपवणाऱ्या गोष्टींत ही वरच्या क्रमांकावर, आणि वेळेत सापडली तर फुकटात बरी होणारीही हीच.

भुसा जुना की नवा ते आधी ठरवा. सगळा झाडून टाका, संध्याकाळी बुंध्याभोवती पेपर अंथरून कडेला दगड ठेवा आणि सकाळी बघा. पेपरावर फिकट, ओलसर, ताजा भुसा पडला असेल तर अळी आत खातेय. काहीच नसेल तर आणखी एक-दोन रात्री थांबा. तरीही नसेल तर भोक बहुधा जुनं आहे. ताज्या भुशाच्या सरळ वर नजर नेली की भोक सापडतं, नाहीतर तिथली साल ओली आणि काळपट दिसते.

आता भुसा कसा आहे ते पाहा, कारण त्यावरून अळी ओळखता येते.

जाड, धाग्याधाग्यांचा, मुठीत भरण्याइतका भुसा आणि भोकातून डिंकाचे ओघळ हा आंब्यावरचा खोडकिडा. कोकणात त्याला भिरूड म्हणतात. बाटोसेरा नावाचा हा लांब मिशांचा, राखाडी, चांगला दोन इंची भुंगेरा सालीच्या भेगेत अंडी घालतो. अळी मळकट पांढरी, डोकं काळपट, वाढली की बोटाएवढी लांब. महिनोन्‌महिने ती आतलं लाकूड पोखरत राहते आणि बाहेरून दिसते ती फक्त एक सुकलेली फांदी. फणस, अंजीर यांनाही ती धरते.

खोडावर तपकिरी जाळीची पट्टी, तिच्यात विष्ठेचे दाणे आणि सालीचा चुरा गुंतलेला, आणि ती पट्टी वळत वळत बेचक्यातल्या भोकाशी गेलेली, असं दिसलं तर ती साल खाणारी अळी. दिवसा भोकात, रात्री जाळीच्या आडोशाने साल खात फिरते. आंबा, पेरू, लिंबू, बोर, शेवगा, गुलमोहर, तिला काही वर्ज्य नाही. पोखरणं उथळ असल्याने हिचा बंदोबस्त सोपा.

टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि त्यांतून उदबत्तीच्या राखेसारख्या उभ्या राहिलेल्या पिठाच्या कांड्या दिसल्या तर तो शॉट होल बोरर हा बारीक भुंगेरा. डाळिंबवाल्यांना तो चांगलाच ठाऊक आहे. तो बहुधा आधीच मरगळलेल्या झाडावर येतो, तेव्हा मूळ आजार मुळांत शोधा.

पहिल्या दोघींसाठी उपाय एकच. जाळी किंवा भुसा ब्रशने साफ करा. भोक सुरीने थोडं रुंद करा. स्पोकचं टोक पक्कडीने आकड्यासारखं वाकवून हळूहळू आत सरकवा, फिरवा आणि ओढा. अळी अडकली असेल तर आकड्याला ओल लागते, नशीब असेल तर अख्खी अळीच बाहेर येते. बोगदा वळलेला असेल तर स्पोक पोचत नाही. मग रॉकेलमध्ये बुडवून पिळलेला कापसाचा बोळा आत सारा आणि भोक ओल्या मातीने लिंपा. रॉकेल ओतायचं नाही, बोळाच. ओतलेलं रॉकेल अळीइतकंच जिवंत सालीलाही जाळतं. लिंपलेल्या जागेला खडूने खूण करा आणि आठवड्याने पुन्हा पेपर अंथरा. माती फोडून नवा भुसा आला असेल तर पुन्हा तेच.

भोकं बरीच असतील तर पिचकारीने कीटकनाशक सोडण्याची शिफारस असते. त्याचं नाव आणि प्रमाण कृषी विद्यापीठाच्या चालू शिफारशीतून घ्या, शेजाऱ्याच्या आठवणीतून नको. झाडावर फळं असताना तर विचारल्याशिवाय काहीच सोडू नका.

काजूचा प्रकार जरा वेगळा आणि जास्त वाईट. रोठा, म्हणजे खोड आणि मूळ पोखरणारी अळी, जमिनीलगत आणि मातीखाली काम करते. पानं पिवळी पडून गळेपर्यंत वरून पत्ता लागत नाही, म्हणून काजूचा बुंधा वर्षातून दोनतीनदा तरी उकरून बघावाच. निम्म्याहून जास्त घेर पोखरला गेला असेल तर ते झाड वाचत नाही. मुळासकट काढून जाळलेलं बरं, नाहीतर शेजारच्या काजूंना तिथूनच लागण होते.

वाळवीची मातीची नळी खोडावर दिसली की लोक घाबरतात. वीतभर नळी मोडून दुसऱ्या दिवशी बघा. मोठ्या झाडावर ती बहुतेक वेळा मेलेली सालच खात असते. रोप किंवा नुकतं लावलेलं कलम असेल तर मात्र दुर्लक्ष नको.

लिंबाजवळची मोरी

आता भुसा नाही, भोक नाही, तरीही डिंक आहे. झाड लिंबू, मोसंबी किंवा संत्र्याचं असेल आणि डिंक जमिनीपासून फूट-दीड फुटात असेल, तर पहिला संशय डिंक्या रोगाचा. विदर्भातल्या संत्रा बागायतदारांचा हा जुना वैरी. फायटोफ्थोरा नावाची बुरशी मातीत असते आणि पाण्याबरोबर चालते. बुंध्याशी साल आधी भिजल्यासारखी काळपट होते, मग उभ्या भेगा पडतात, त्यांतून पिवळसर-तांबूस डिंकाचे थेंब येतात, आणि वर पानांच्या शिरा पिवळ्या पडायला लागतात.

परसात हा रोग येण्याचं कारण बहुतेक ठिकाणी एकच. लिंबाचं झाड मोरीच्या किंवा वॉशिंग मशीनच्या पाण्यावर लावलेलं असतं आणि ते पाणी बारमाही खोडाला लागून उभं राहतं. भरीला कुणीतरी प्रेमाने शेणखत थेट बुंध्याशी रचलेलं असतं. कलमाचा सांधा त्याखाली गाडला जातो. खालचा खुंट रंगपूर लिंबाचा असेल तर तो या रोगाला सहसा दाद देत नाही. वरचं झाड मात्र नाजूक असतं. म्हणून सांधा जमिनीपासून वीतभर तरी वर उघडा हवा.

तेव्हा औषधाच्या आधी फावडं. बुंध्याची माती ओढून सांधा मोकळा करा. खोडाभोवती मातीचा छोटा उंचवटा करून त्याच्या बाहेर गोल आळं करा, म्हणजे पाणी मुळांना मिळेल पण खोडाला लागणार नाही. यालाच दुहेरी आळं म्हणतात. मोरीचं पाणी केळीकडे किंवा अळूकडे वळवा.

मग मेलेली साल धारदार सुरीने, जिवंत सालीची कड लागेपर्यंत खरवडून काढा. निघालेल्या खपल्या तिथेच टाकू नका, जाळा. जागा पोटॅशियम परमँगनेटच्या एक टक्का द्रावणाने पुसून घ्या आणि वर बोर्डो पेस्ट लावा.

पेस्ट घरी होते. 100 ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात प्लास्टिकच्या बादलीत विरघळवा. लोखंडी किंवा पत्र्याचं भांडं चालत नाही. दुसऱ्या बादलीत 100 ग्रॅम कळीचा चुना अर्ध्या लिटरमध्ये विझवून, गार करून, गाळून घ्या. दोन्ही ढवळत ढवळत एकत्र करा. स्वच्छ लोखंडी पातं मिनिटभर त्यात बुडवा. पात्यावर तांबूस लेप चढला तर चुना कमी पडलाय, थोडा वाढवा. नाहीतर मोरचूद सालीला भाजतं. हातमोजे आणि चष्मा घाला, पेस्ट त्याच दिवशी संपवा. लिंबाच्या खोडाला ती जमिनीपासून तीन फुटांपर्यंत पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा लावायची पद्धत आहे.

मेलेल्या सालीने निम्म्याहून जास्त घेर व्यापला असेल तर मी त्या झाडामागे वेळ घालवणार नाही. नवं कलम दुसऱ्या जागी लावा, त्याच खड्ड्यात नको.

आंब्याच्या फांदीवर भुशाशिवाय डिंक, सालीला तडे आणि शेंड्याकडून सुकत येणं दिसलं, तर तीही बुरशीच, पण वेगळी. कोरडा दिवस बघून फांदी सुकलेल्या भागाच्या तीन-चार इंच खाली, जिवंत लाकडात कापा आणि कापाला हीच पेस्ट लावा. लिंबाच्या पानांवर, फळांवर आणि कोवळ्या फांद्यांवर खरबरीत तपकिरी फोड असतील तर तो खैऱ्या. त्याचा बुंध्याच्या डिंकाशी संबंध नाही.

नारळाचं गणित निराळं

नारळाच्या खोडाला आंब्यासारखी जखम भरून काढता येत नाही. एकदा पडलेली खाच जन्मभर तशीच राहते. चढायला सोपं म्हणून खोडात पायऱ्या खोदतात, त्यांतूनच पुढची दुखणी आत शिरतात. पाडेल्याला खाचा पाडू देऊ नका, शिडी आणा.

खोडाच्या खालच्या भागात भेगांतून तांबूस-तपकिरी द्रव येऊन सुकल्यावर काळा पडत असेल आणि त्यात चोथा नसेल, तर तो बुरशीचा रोग. मऊ झालेला भाग छिन्नीने काढून वर बोर्डो पेस्ट किंवा गरम डांबर लावतात. झाडाला वर्षाला 5 किलो निंबोळी पेंड आणि उन्हाळ्यात नियमित पाणी द्या. द्रवाबरोबर चावलेल्या धाग्यांचा चोथा बाहेर येत असेल तर तो सोंड्या भुंगा. दुपारच्या शांततेत खोडाला कान लावा, आत कुरतडण्याचा आवाज येतो. हे घरगुती काम नव्हे, त्याच दिवशी जाणकाराला बोलवा. शेंडा कलला की उशीर झालेला असतो.

बांडगूळ आणि आळंबी

आंब्याच्या किंवा चिकूच्या फांदीवर गाठ, आणि त्या गाठीतून वेगळ्याच पानांचा झुपका, हे बांडगूळ. फुलटोच्या हा इवलासा पक्षी त्याची फळं खातो आणि चिकट बी फांदीवर पुसून टाकतो. बी तिथेच रुजून फांदीत मुळं घालतं. नुसता झुपका ओढून काढला तर गाठीतून पुन्हा फुटतो. गाठीच्या वीतभर खाली फांदी कापा, आणि फळं पिकायच्या आत कापा.

बुंध्याशी किंवा खोडावर अर्धगोल, लाकडासारखी कडक आळंबी दिसली, वरून लालसर-तपकिरी आणि कडेला पांढरी, तर ती लाथेने उडवून काही साधत नाही. ते फक्त फळ आहे, बुरशी आत लाकूड खातेय. गुलमोहर, रेन ट्री आणि जुन्या नारळावर हे नेहमी दिसतं. झाडावर हिरवीगार पानं असतात आणि मुळं आतून गेलेली असतात. लाकडी दांड्याने खोड वाजवा; बद्द आवाज मध्येच पोकळ झाला तर गाडी हलवा, झोपाळा सोडा आणि मुलांना तिथे खेळू देऊ नका. यावर औषध नाही. पोकळीत सिमेंट भरायची जुनी पद्धत तर नकोच, आत पाणी धरून कुजणं वाढतं.

एखाद्या जुन्या कडुनिंबातून अचानक पांढरा, फेसाळ, गोडसर रस वाहू लागतो आणि दोन दिवसांत तिथे हळदकुंकू आणि रांग लागते. असा रस अनेक ठिकाणी वाहिलाय. तो लवकर आंबतो, माश्या बसतात. तीर्थ म्हणून पिऊ नका.

कुणाला दाखवायचं

झाड तोडायचं ठरलं तरी शहरात करवत लावण्याआधी परवानगी लागते. 1975 च्या महाराष्ट्राच्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार झाड आपल्या आवारात असलं तरी नगरपालिका किंवा महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. अर्जाला आळंबीचे आणि पोकळीचे फोटो जोडा.

निदानच होत नसेल तर जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र गाठा, किंवा दापोली, राहुरी, अकोला, परभणी यांपैकी जवळच्या कृषी विद्यापीठाचा वनस्पती रोगशास्त्र विभाग. गोव्यात जुन्या गोव्याला केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे. लिंबूवर्गीय झाडांसाठी नागपूरची केंद्रीय संस्था. जाताना खडूच्या रेषेचे तारखेसह फोटो, जिवंत आणि मेलेली साल जिथे मिळते तिथला बोटभर तुकडा आणि भुसा असेल तर तोही न्या. मेलेल्या भागाच्या मधोमधचा तुकडा उपयोगाचा नसतो. सगळं कागदी पाकिटात घाला. प्लास्टिकच्या पिशवीत दमट होऊन त्यावर दुसरीच बुरशी चढते आणि मग निदान तिचं होतं.